मेंदू बोलावतो, तेव्हा

कामशेतच्या आसपास ज्यांच्या घरी खुडूक कोंबडी बसते, त्यांना ठाऊक आहे: चार-पाच दिवस उबलेलं अंडं अंधारात बॅटरीसमोर धरलं की आत लाल शिरांचं जाळं दिसतं. ते बलकावरचं. पण साधारण त्याच दिवसांत पिलाच्या इवल्याशा मेंदूतही रक्तवाहिन्या शिरू लागतात. पुणे विद्यापीठात लीला मुल्हेरकरांनी कोंबडीचा गर्भच अभ्यासाला घेतला, तो उगाच नाही. अंड्यातली वाढ उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

मेंदूतल्या रक्तवाहिन्या तिथे उगवत नाहीत, भोवतालच्या जाळ्यातून आत येतात. बोलावणं मात्र मेंदूचंच. वाढत्या पेशींना प्राणवायू कमी पडला की त्या व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात. ते जिकडे जास्त, तिकडे वाहिनीच्या टोकाची पेशी सरकते आणि मागच्या पेशी नळी लांबवत नेतात. त्याचं प्रमाण जरा चुकलेलं चालत नाही. 1996 साली उंदरांमध्ये त्याच्या जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत बंद केली, तरी पिलं गर्भातच दगावली.

मला खरं नवल वाटतं ते 1981 च्या एका प्रयोगाचं. स्ट्युअर्ट आणि वायली यांनी लावा पक्ष्याच्या गर्भातला मेंदूचा तुकडा कोंबडीच्या गर्भाच्या पोटात बसवला. पोटाकडच्या वाहिन्या त्यात शिरल्या आणि चक्क मेंदूतल्या वाहिन्यांसारख्या वागू लागल्या. रक्तातलं वाटेल ते बाहेर झिरपू देईनात! म्हणजे ही राखण मेंदूच त्यांना शिकवतो.

आता माणसाचं बाळ. मेंदूच्या पोकळ्यांलगत नव्या पेशी तयार होतात, तिथे बत्तिसाव्या आठवड्याआधी वाहिन्या भराभर फुटत असतात, पण त्यांना बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेशी अजून अपुऱ्या असतात. अशा वेळी बाळ जन्मलं आणि रक्तदाब वरखाली झाला, तर तिथे रक्तस्राव होऊ शकतो, बहुधा पहिल्या तीन दिवसांत. चौतिसाव्या आठवड्याआधी कळा सुरू झाल्या तर आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. ते बाळाच्या फुप्फुसांसाठी, पण त्यानं हा रक्तस्रावही कमी होतो. सशांवरच्या प्रयोगांत असं दिसलं, की त्यामुळे व्हीईजीएफ उतरतं आणि आधाराच्या पेशी वाढतात.

केंद्र सरकारच्या 2014 च्या सूचनांनुसार उपकेंद्रातल्या नर्सताईही या इंजेक्शनचा पहिला डोस देऊन पेशंटला पुढे पाठवू शकतात. म्हणून अशा कळा सुरू झाल्या, तर नाणे मावळातल्या आतल्या गावातून दवाखान्यात निघताना त्यांना आधी फोन करा आणि कितवा आठवडा चालू आहे, तेवढं नक्की सांगा.