घरातील संगणक : खरेदी, निगा व जतन

[मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर]



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस या व्यासपीठावरून दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही संगणकशास्त्रातील पंडित नाही. आमच्या घरी पहिला संगणक २००१ साली आला. तेव्हापासून आजवर चार यंत्रे आमच्या छपराखाली नांदली, एवढाच आमचा अधिकार. परंतु त्यांतील एका यंत्राबरोबर आमची अशी एक ठेव गेली की, ती पुन्हा मिळणे नाही. ती हकीकत सांगावी आणि आपल्यापैकी चार कुटुंबे तरी वेळीच सावध व्हावीत, याच हेतूने आम्ही येथे उभे आहोत.

आधी खरेदीविषयी. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळ जो डॉ. भडकमकर मार्ग आहे, त्यास लोक आजही लॅमिंग्टन रोड म्हणूनच ओळखतात. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीची ख्याती तशीच आहे. आमचा पहिला संगणक लॅमिंग्टन रोडवरचा. एका दुकानी पेटी, दुसऱ्या दुकानी मॉनिटर, असे सुटे भाग पारखून, चार ठिकाणी भाव करून, एका कारागिराकडून ते जुळवून घेतले आणि टॅक्सीत मांडीवर धरून घरी आणले. आईने त्यावर हळदकुंकू वाहिले. आज हीच खरेदी घरबसल्या होते. तथापि त्या वेळी जो प्रश्न आम्ही स्वतःस विचारला नाही, तो आजही पुष्कळजण विचारीत नाहीत. तो प्रश्न असा की, या यंत्राकडून आपणांस काम कोणते हवे आहे?

मुलांचा अभ्यास, घरचा हिशेब, पत्रव्यवहार, दूरच्या आप्तांशी बोलणे, एवढाच उपयोग असेल तर महागडे यंत्र घेणे म्हणजे भाजी आणावयास मालमोटार ठेवण्यासारखे आहे. अशा घरास ८ जी. बी. रॅम चालते, १६ असल्यास पुढील काही वर्षांची निश्चिंती. मात्र फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कऐवजी एस. एस. डी. घ्यावी, वेगात पडणारा फरक पहिल्याच दिवशी दिसून येतो. किंबहुना जुने यंत्र रेंगाळू लागले म्हणून नवे घेण्यापूर्वी, त्यात एस. एस. डी. बसवून व रॅम वाढवून पाहावी. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांच्या यंत्रावर विंडोज ११ चालत नाही, त्यांनीही यंत्र लगेच भंगारात काढू नये. लिनक्स ही विनामूल्य प्रणाली त्यावर बहुधा उत्तम चालते.

कित्येकांस असे वाटते की १ टी. बी. ची डिस्क घेतली आणि संगणकावर ९३१ च जी. बी. दिसल्या, तेव्हा दुकानदाराने फसविले. तसे नसते. बनविणारा हजाराच्या पटीने मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीने मोजते. माल तोच, मापे दोन. पावती मात्र अवश्य घ्यावी, आणि तीवर प्रत्येक भागाचा क्रमांक लिहून घ्यावा. हमीच्या वेळी तोच उपयोगी पडतो.

आता निगेविषयी. यंत्र विकत घेणाऱ्याचे लक्ष पडद्याच्या लांबीरुंदीकडे असते. भिंतीतील विजेच्या जोडणीकडे कोणी पाहत नाही. तीन पिनांच्या जोडणीत अर्थिंग खरोखर आहे की नाही, हे विजेच्या कारागिराकडून तपासून घ्यावे. टेबलावरच्या संगणकास यू. पी. एस. असावाच. घरगुती यू. पी. एस. वीज गेल्यावर दहा-पंधरा मिनिटे पुरतो. तो काम पुढे चालविण्यासाठी नसून, चालू काम जपून ठेवून यंत्र रीतसर बंद करण्यासाठी आहे. त्याच्या आतील बॅटरी साधारणतः दोन-तीन वर्षांत थकते, आणि बॅटरी थकलेला यू. पी. एस. म्हणजे नुसती पेटी. लेझर प्रिंटर यू. पी. एस. ला जोडू नये; तो तापताना फार मोठा विद्युत्प्रवाह ओढतो. प्रिंटर घेताना हेही पाहावे की, ज्या घरी महिन्यातून चार पाने छापली जातात, तेथे शाईचा प्रिंटर शाई वाळून अडतो. लेझरची भुकटी वाळत नाही.

यू. पी. एस. च्या बॅटरीवर आम्ही इतका भर का देतो, हे आता सांगितले पाहिजे.

आमच्या आत्याबाई संगमेश्वर तालुक्यातील आमच्या मूळ घरी राहत. आपल्या ज्ञातीतील अनेक घराण्यांप्रमाणे आमच्याही घराण्याची वंशावळ लिहिलेली आहे. परंतु तीत पुरुषांची नावे. या घरात सुना होऊन आलेल्या स्त्रिया कोणत्या गावच्या, त्यांची माहेरची नावे कोणती, कोण बाळंतपणात गेली, कोणी विधवा होऊन शेती राखली, हे कागदावर कोठेच नव्हते. ते केवळ आत्याबाईंच्या तोंडी होते. २००४ च्या दिवाळीत त्या आमच्या घरी आल्या. चार दुपारी आम्ही त्यांना संगणकासमोर बसविले, लहानसा मायक्रोफोन पुढे ठेवला आणि त्या बोलत गेल्या. सहा पिढ्यांच्या सुना त्यांनी ओळीने सांगितल्या. मध्ये जात्यावरच्या ओव्याही म्हटल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारले, “अरे, हे यात गेलं ते राहील ना नीट?” आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, “आत्या, कागदाला वाळवी लागते. याला वाळवी लागत नाही.”

आत्याबाई २००६ साली वारल्या. २००८ च्या जून महिन्यात, पावसाच्या एका सायंकाळी, वीज पाच-सहा वेळा गेली आणि आली. यू. पी. एस. ची बॅटरी वर्षभर निकामी होती. ‘पुढल्या महिन्यात बदलू’ असे आम्ही दर महिन्यास म्हणत होतो. त्या रात्री डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला, आणि यंत्र पुन्हा सुरू झाले नाही. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. पुढे डिस्क उघडून आतील मजकूर काढणाऱ्या तज्ज्ञांकडे ती नेली. तबकडीवर ओरखडे पडल्याने काहीही निघणार नाही, असे त्यांनी सांगितले. नवी डिस्क दुसऱ्या दिवशी मिळाली. आत्याबाई कोठून मिळणार?

या नुकसानीचा दोष आम्ही कोणासही देत नाही. तो आमचाच आहे. त्या यंत्रात सी. डी. लिहिण्याची सोय होती. चारही दुपारींचे बोलणे एका सी. डी. वर सहज मावले असते. कोऱ्या सी. डी. ची आणलेली चळत त्याच टेबलाच्या खणात, वेष्टनही न फोडता, पडून होती.

बंधुभगिनींनो, आम्हांस जे सांगावयाचे ते एवढेच. यंत्र ही वस्तू आहे. ती बिघडणार, जुनी होणार, बदलणार. तीत साठविलेले जे आहे ते घराचे धन. आपण खरेदीचा सारा विचार आणि सारा पैसा वस्तूवर खर्च करितो, आणि धन उघड्यावर ठेवितो. आज तर बहुतेक घरांतील छायाचित्रे खिशातील मोबाईलमध्येच आहेत, आणि तो हरवण्यास एक लोकलप्रवास पुरतो.

जाणकारांनी यासाठी एक सोपा नियम घालून दिला आहे. महत्त्वाच्या मजकुराच्या प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. एक प्रत संगणकात, दुसरी सुट्या हार्ड डिस्कवर, तिसरी इंटरनेटवरील साठवणीत किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाबहिणीकडे. सुटी डिस्क प्रत काढून झाल्यावर यंत्रापासून वेगळी करून ठेवावी. नपेक्षा विजेचा झटका वा खंडणीखोर विषाणू दोहोंस एकदमच गाठतो. पेन ड्राइव्ह हे मजकूर नेण्याआणण्याचे साधन आहे, कायमच्या ठेवीचे नव्हे. आणि प्रत उघडते की नाही, हे वर्षातून एकदा पाहावे. आमच्या घरी दसऱ्याला शस्त्रपूजेबरोबर हे काम होते. सण चुकत नाही, म्हणून कामही चुकत नाही.

आणखी एक संकट लिपीचे. १९९० नंतरच्या दशकात आपल्यापैकी अनेकांनी कुलवृत्तान्त संगणकावर उतरविले. त्या काळी प्रत्येक मराठी अक्षरसंचाची सांकेतिक व्यवस्था निराळी होती. आज ती फाईल उघडली तर मराठीच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. ज्यांच्याकडे अशा फायली असतील त्यांनी त्या युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात, आणि एक प्रत कागदावरही छापून ठेवावी. फ्लॉपी ज्यांच्या कपाटात असतील, त्यांनी तर आजच हालचाल करावी.

जुने यंत्र देताना आतील डिस्क काढून घ्यावी किंवा पूर्ण पुसावी. चालू स्थितीतील संगणक आपल्या मंडळाच्या होतकरू विद्यार्थ्यांस द्यावा. मोडका असल्यास भंगारवाल्यास न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे सोपवावा, कारण जुन्या भागांत शिसे असते.

शेवटी एक विनंती. आपल्या घरी ज्या वृद्ध स्त्रिया आहेत, त्यांच्यापाशी या दिवाळीत एक दुपार बसावे, आणि घरातील सुनांची नावे विचारून घ्यावीत. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करण्यास काहीच खर्च नाही. मात्र त्या दिवशी दिवा लावण्यापूर्वी त्याच्या तीन प्रती करून ठेवाव्यात. आमच्या घराण्यातील सहापैकी दोनच पिढ्यांच्या सुनांची नावे आम्हांस आठवून लिहिता आली. बाकीच्या चार पिढ्यांची जागा आम्ही वंशावळीत कोरी ठेविली आहे.