ही धडधड काळजाची नव्हती
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलणारे आज पुष्कळ आहेत. मी माझ्या छातीतल्या धडधडीवर बोलणार आहे. हसू नका. तुमच्यातल्या कितीजणांना ती होते, मला ठाऊक आहे.

दुबार पेरणीच्या साली सुरू झाले. पहाटे तीनला जाग, दरदरून घाम, हातापायाला मुंग्या, आता जीव जातो असे वाटायचे. ईसीजी काढला, तो चांगला निघाला. घरचे म्हणाले, बाहेरचे लागले. अंगारा झाला, कोंबडे झाले. पुढे बाजार समितीत जायची भीती वाटू लागली, मग बँकेत जायची. जाणे टाळले की त्या दिवसापुरते बरे वाटे आणि पुढच्या वेळी भीती दुप्पट. शेवटी एका दुकानातून चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलम आणली. आठ दिवस स्वर्ग. तीन महिन्यांत एका गोळीच्या तीन झाल्या. ही गोळी सवय लावते. दारूवर घेतली तर श्वास मंदावून माणूस दगावू शकतो. आणि ज्यांना सवय लागली आहे त्यांनी एकदम बंदही करू नये, झटके येतात. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात.

जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचे नाव सांगितले: चिंताविकार. वेड नव्हे. त्यांनी सर्ट्रालिन दिली. तिचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. आधी मळमळते, बेचैनी थोडी वाढतेही. दहाव्या दिवशी गोळी फेकणारे इथेच फसतात. बरे वाटल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागते.

जोडीला बोलण्याचा उपचार. समुपदेशक बाई म्हणाल्या, काका, समितीच्या फाटकापर्यंत जा, धडधड होऊ द्या, पण पळू नका. उभा राहिलो. धडधड चढली आणि आपोआप उतरली. पुढच्या आठवड्यात काट्यापर्यंत गेलो. माझ्या मते खरे औषध हेच.

खाण्याने हा आजार बरा होतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. पण दहा कप चहा आणि खर्रा धडधड वाढवतात. दारू रात्री दाबते, पहाटे व्याजासकट परत करते. रक्त, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या. मायबहिणींनो, रक्त कमी असले तरी धडधडते. चटणी-भाकरीवर निंदायला जाता, ताटात डाळ, भाजी, जमले तर अंडे पाहिजे.

अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावातलेच कार्यकर्ते शिकवून तयार केले. २०१७ साली अहवाल आला: उदासीनतेच्या आजारात उपचार घेणारे शंभरात चार होते, ते सत्तावीस झाले. गावात विचारणारा कोणी असला की माणूस दवाखान्यापर्यंत जातो.

गोळीने कर्ज फिटत नाही. माझे अजून आहे. पण बँकेच्या साहेबासमोर बसून व्याजाचा हिशेब मागता येतो आता. पूर्वी पायरीवरूनच परतायचो.

मरणाचे विचार येत असतील तर उद्यावर टाकू नका. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. फवारणीचे औषध कुलपात ठेवा, किल्ली घरधनिणीकडे द्या.

सभा सुटल्यावर मी मंडपामागच्या कडुनिंबाखाली बसतो. ज्याला चारचौघांत विचारायचे नाही, त्याने तिकडे यावे.