नान्नजचा माळ आणि ओढ्याकाठचे वन्यजीव

सोलापूर शहरातून बार्शी रस्त्याने साधारण वीस किलोमीटर गेले की नान्नज येते. नान्नज, मार्डी, अकोलेकाटी या गावांच्या शिवारातला माळ हा महाराष्ट्रातल्या गवताळ प्रदेशाचा उत्तम नमुना आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा भाग. पाऊस वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. मुरमाड, उथळ जमिनीत कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवते, मधूनच बोर, हिवर, बाभूळ आणि तरवडाची झुडपे. सरकारदरबारी अशा जमिनीची नोंद बरेचदा ‘पडीक’ म्हणून होते. या एका शब्दाने माळाचे जेवढे नुकसान केले, तेवढे दुष्काळानेही केले नसेल.

माळावरचे प्राणी पाहायचे तर ओढ्याची वाट धरावी. इथले ओढे वर्षातले मोजके महिनेच वाहतात. दिवाळीनंतर धार तुटते आणि वळणावळणांवर डोह तेवढे उरतात. उन्हे वाढतील तसे आसपासचे सगळे जीव या पाण्याकडे ओढले जातात. पहाटे ओलसर वाळूत रात्रीच्या पाहुण्यांचे ठसे दिसतात. काळविटाचे खूर टोकाला निमुळते असतात. खोकडाचा पंजा लहान आणि नाजूक, लांडग्याचा मोठा आणि लांबट. काठावरच्या बाभळीवर पाण्याच्या बाजूला सुगरणीचे खोपे लोंबत असतात. खंड्या, वेडा राघू आणि धोबी यांची हजेरी ठरलेली.

सूर्य थोडा वर आला की पखुर्ड्या पाण्यावर उतरतात. भाट तित्तर म्हणूनही हा पक्षी ओळखला जातो. रंग मातीचा, त्यामुळे जमिनीवर बसलेला दहा पावलांवरूनही दिसत नाही. थवा पाण्याजवळ उतरतो, क्षणभर अंदाज घेतो, घाईघाईने पाणी पितो आणि उडून जातो. पिल्लांच्या दिवसांत मात्र नर मागे रेंगाळतो. तो पोट पाण्यात बुडवून अंग हलवत राहतो. त्याच्या पोटावरच्या पिसांचे सूक्ष्म तंतू गुंडाळलेले असतात. भिजले की ते उलगडतात आणि पाणी धरून ठेवतात. पिल्ले कोरड्या बियांवर वाढतात, त्यांना पाणी लागतेच. नर ओल्या पोटाने दूरच्या माळावर परततो, पिल्ले त्याच्या पोटाखाली शिरतात आणि पिसे चोचीत धरून पाणी ओढून घेतात. टिटवीही असाच उपाय करते. मुरमात उघड्यावर घातलेली अंडी उन्हात तापू नयेत म्हणून ती पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. ओढ्यातला एक डोह आटला की त्याचा फटका किती दूरवरच्या घरट्यांना बसतो, हे यावरून ध्यानात येते.

ओढा ओलांडून मोकळ्यावर आले की काळविटांचे कळप दिसतात. पिळदार शिंगांचा काळाभोर नर आपली जागा राखून उभा असतो. माद्या आणि पिल्ले बदामी रंगाची. धोका जाणवला की एखादी मादी उंच उडी घेते आणि पाठोपाठ सगळा कळप उसळतो. या कळपांच्या मागावर लांडगा असतो. धनगरांच्या मेंढ्यांवरही त्याची नजर असते आणि तो संघर्ष जुना आहे. हिवाळ्यात भोवत्या जातीचे शिकारी पक्षी मध्य आशियातून येतात, दिवसा गवतावर कमी उंचीवरून घिरट्या घालत नाकतोडे टिपतात आणि रात्री गवतातच जमिनीवर झोपतात.

या माळाला नाव मिळाले ते माळढोकामुळे. मीटरभर उंचीचा आणि पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा हा पक्षी उडणाऱ्या पक्ष्यांतल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. विणीच्या काळात नर गळ्याखालची पिशवी फुगवतो, शेपूट पाठीवर उभारतो आणि घुमल्यासारखा खोल आवाज काढतो. मादी जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. सोलापूरचे निसर्गप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांनी १९७२ च्या सुमारास नान्नजच्या माळढोकांकडे लक्ष वेधले. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले, पण क्षेत्र तब्बल साडेआठ हजार चौरस किलोमीटर! त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, लोकांचा रोष पक्ष्यावर निघाला आणि पुढे क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरपर्यंत घटवावे लागले. दरम्यान बोअरचे आणि कालव्याचे पाणी आले, माळ फुटून ऊस आणि द्राक्षबागा उभ्या राहिल्या, विजेच्या तारा वाढल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही. देशात आता हे पक्षी दीडशेच्या आसपासच मानले जातात, तेही मुख्यतः जैसलमेर भागात. नान्नजला गेल्या काही वर्षांत एखाददुसराच दिसला आहे. याच वंशातला त्याचा भाऊबंद उत्तर ऑस्ट्रेलियाच्या गवताळ मैदानांत आजही सुखरूप आहे.

सोलापूरकडे जाणाऱ्या मंडळींनी डिसेंबर-जानेवारीतली एक सकाळ नान्नजसाठी राखून ठेवावी. वनखात्याची परवानगी घ्यावी, गावातलाच वाटाड्या बरोबर घ्यावा, गाडी ठरल्या वाटेवरच ठेवावी आणि घरट्यांच्या फोटोसाठी गवतात शिरू नये. ज्यांच्या वाट्याला वडिलोपार्जित माळ आलेला आहे, त्यांनी तो सपाट करण्याआधी किंवा विकण्याआधी तिथे कोण राहते ते एकदा स्वतः पाहावे.