कुंकवाच्या करंड्यात काय आहे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या शुभदिनी प्रसाधनांविषयी चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. प्रसाधने पुष्कळ, वेळ थोडा. म्हणून जी वस्तू आपण स्वतः लावतो आणि दुसरीच्या कपाळीही आपल्या हाताने लावतो, त्या कुंकवाविषयीच बोलते.

आपल्या सोलापूर जिल्ह्याला हा विषय परका नाही. करमाळा तालुक्यातील केमला कुंकवाचे कारखाने आहेत आणि पंढरपूरहून परतणाऱ्याच्या पिशवीत कुंकू-बुक्क्याची पुडी असतेच. जुन्या रीतीचे कुंकू हळदीचे. लिंबाचा रस, टाकणखार व तुरटी यांच्या संस्काराने हळकुंडे लाल होत. मग ती वाळवून दळीत. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे आपण धुण्याच्या दगडावर पाहतोच. रंग पालटण्याचा हा हळदीचा अंगचाच गुण आहे.

परंतु जे जे लाल ते ते हळदीचे नव्हे. साध्या पिठाला कृत्रिम रंग देऊनही कुंकू म्हणून विकता येते. शेंदूर तर मुळात शिशाचाच. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी अमेरिकेतील संशोधकांनी न्यू जर्सी, मुंबई व दिल्ली येथील दुकानांतून शेंदराचे 118 नमुने तपासले. त्यांतील तीनचतुर्थांशाहून अधिक नमुन्यांत शिसे आढळले. शिसे कातडीतून फारसे शिरत नाही. ते बोटांवरून तोंडात जाते. आईच्या कपाळाला हात लावून तोच हात चोखणाऱ्या तान्ह्याला धोका सर्वांत मोठा, कारण शिसे मुलांच्या वाढत्या मेंदूला अपाय करते.

काही भगिनी म्हणतील, "आम्ही टिकलीच लावतो." टिकलीच्या काही गोंदांत पॅरा-टर्शरी-ब्यूटाइलफिनॉल नावाचे द्रव्य असते. त्याने कपाळावर नेमका टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो, हे आपल्याकडील त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवले आहे. खाज सुटली किंवा कातडी फिकटली, तर टिकली त्याच दिवशी बंद करावी आणि डॉक्टरांना दाखवावे. एरवीही रात्री ती काढून कपाळ धुवावे. शिवाय प्लॅस्टिकची टिकली मातीत मिसळत नाही, हळद मिसळते.

"नैसर्गिक" या एका शब्दावरही भुलू नये. हळदीतच शिशाच्या पिवळ्या रंगाची भेसळ झाल्याची उदाहरणे आहेत. सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगे वापरण्यास आपल्या देशात कायद्याने बंदी आहे. पण सुट्या पुडीवर ना करणाऱ्याचे नाव, ना पत्ता. मग जाब विचारायचा कोणाला?

म्हणून माझी एक सूचना आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी प्रत्येकीने वेगळी सुटी पुडी आणू नये. मंडळाने सर्वांसाठी एकत्र, हळदीपासून केलेले, उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना व बॅच क्रमांक छापलेले कुंकू घ्यावे. दुकानदाराला "हे कशाचे केले?" असे दहाजणींनी विचारले, तर अकरावीच्या वेळी तो उत्तर तयार ठेवील. चार पैसे जास्त पडतील खरे. पण कुंकू लागते चिमूटभर.

आपण दुसरीला कुंकू लावतो ते तिचे कल्याण चिंतून. त्या चिमटीत विष नसावे, एवढी काळजी घेणे हे आपलेच काम आहे.