चूल, चारा आणि हातातली पाटी

(इंदूर येथे मराठीचे अध्यापक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे तो ‘उद्याचा टॅब्लेट कसा असावा’ असा. साहित्याच्या प्राध्यापिकेला हा विषय कुणी का द्यावा, असे मीही विचारले. उत्तर मिळाले, ‘तुम्ही नेहमी तक्रार करता, आता मागणी करा.’ तेव्हा ही मागणीच समजा. आमच्या विभागात टॅब्लेटला पाटी म्हणतात. मीही तोच शब्द वापरणार आहे.

सुरुवात माझ्या आत्यापासून करते. २००९ साली मी तिच्याशी तासभर बोलले आणि ते बोलणे हातातल्या एका यंत्रावर चित्रित केले. तिचा जन्म, लग्न, संसार सगळा याच शहरातला. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. दोन वर्षांनी ती गेली. चित्रफीत मी जपून ठेवली. एका संगणकातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात.

गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी इंदूरच्या मराठी घरांतल्या उच्चारांवर काम करू लागली. तिचा प्रश्न साधा होता. आपल्याकडे ‘च’ दोन आहेत. ‘चार’ मधला तालव्य, ‘चूल’ आणि ‘चारा’ मधला दंत्य. ‘जरा’ म्हणजे म्हातारपण आणि ‘जरा’ म्हणजे थोडेसे. लिहायला एकच, बोलायला दोन. लिपी हा भेद दाखवत नाही, तो कानावाटेच पुढच्या पिढीकडे जातो. हिंदी शाळेत शिकलेली आपली मुले ‘चूल’ हा शब्द ‘चार’ मधल्या ‘च’ने म्हणतात, हे आपण रोज ऐकतो. पण ही पडझड सुरू कधी झाली? आत्याच्या पिढीत दंत्य ‘च’ शाबूत होता का? मी मोठ्या ऐटीत म्हटले, ‘पुरावा आहे माझ्याकडे.’

फीत लावली. आत्या चुलीबद्दल बोलते, गाईच्या चाऱ्याबद्दल बोलते, मला चार वेळा ‘जरा बस’ म्हणते. आम्ही दोघींनी कान देऊन ऐकले, पुन्हा ऐकले, आणि ठरवू शकलो नाही. तो ‘च’ कोणता, हे त्या फितीत नाहीच.

कारण समजून घ्यायला मला एका अभियंत्याकडे जावे लागले. त्या काळातली अनेक हातयंत्रे चित्रफितीतला आवाज टेलिफोनसाठी बेतलेल्या पद्धतीने साठवत. ती पद्धत सेकंदाला ८,००० नमुने घेते आणि साधारण ३,४०० हर्ट्झच्या वरचे सगळे सोडून देते. फोनवर निरोप कळायला तेवढे पुरते. पण दंत्य ‘च’मध्ये जी ‘स’सारखी सळसळ असते, तिचा मुख्य जोर ४,००० हर्ट्झच्या वर असतो. म्हणजे जे जपायचे होते, नेमके तेच यंत्राने चाळणीखाली टाकले. आत्याचा आवाज आहे, हसणे आहे, सुनेवरचा राग आहे. ‘च’ तेवढा नाही.

आता पाट्यांकडे वळते. २००५ मध्ये नोकियाने ‘७७०’ नावाची पाटी आणली आणि तिला ‘इंटरनेट टॅब्लेट’ म्हटले. पडदा चार इंचांहून किंचित मोठा, ठिपके ८०० बाय ४८०, कॅमेरा नाही. २००७ च्या ‘एन ८००’मध्ये बाजूने बाहेर येणारा छोटा कॅमेरा आला. आपल्या सरकारने २०११ मध्ये विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ आणला. पडदा सात इंची, ठिपके मात्र तेच, ८०० बाय ४८०. तेवढेच पीठ मोठ्या परातीत पसरले म्हणा ना! इंचाला जेमतेम १३३ ठिपके पडतात, आणि एवढ्यात रफार, मात्रा आणि अनुस्वार एकमेकांना चिकटतात. त्यात तो चालत होता अँड्रॉइड २.२ वर आणि त्या प्रणालीत देवनागरी नीट दाखवण्याची सोय पुढे ४.० मध्ये आली. ज्यांच्यासाठी पाटी काढली त्यांची अक्षरे तिला येत नव्हती, हे मला अजून खुपते.

पडद्याचा प्रश्न आता बराचसा सुटला आहे. एक कुरकूर उरते. बहुतेक पाट्यांचा पडदा सिनेमासाठी लांबट केलेला असतो. जुन्या ग्रंथाचे पान त्यावर उभे धरले तर वर-खाली काळ्या पट्ट्या, आडवे धरले तर अर्धे पान पडद्याबाहेर. चारास तीन या प्रमाणाच्या पाट्या मिळतात, पण स्वस्तात क्वचित. ग्रंथालयाने खरेदी करताना एवढे तरी पाहावे.

आवाजाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही, फक्त त्याने रूप बदलले आहे. आजची पाटी सेकंदाला ४८,००० नमुने सहज घेते. पण मध्ये एक ‘हुशारी’ येऊन बसली आहे. सतत चालणारा आवाज म्हणजे गोंगाट असे ती धरते आणि तो पुसते. पंखा पुसला तर आनंदच आहे. पण जात्यावरची ओवी मुद्रित करायला बसा. जात्याची घरघर हीच त्या ओवीची लय, आणि यंत्राच्या लेखी तोच गोंगाट! बाई ओवी सोडून श्वास घेते तेव्हा यंत्र आवाज आपोआप चढवते, ती पुन्हा गाऊ लागली की उतरवते. ऐकणाऱ्याला वाटते, बाई थकल्या.

गंमत म्हणजे उपाय माहीत आहे. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून ‘प्रक्रिया न केलेला’ आवाज घेण्याची वाट त्या प्रणालीत आहे. ती द्यायची की नाही हे यंत्र बनवणाऱ्यावर सोडले आहे, आणि दिली तरी पाटीबरोबर येणाऱ्या कॅमेऱ्यात तिचे बटण सहसा सापडत नाही. माझी पहिली मागणी तेवढे बटण. ‘जसे आहे तसे’ असे मराठीत लिहिलेले.

दुसरी, बाहेरचा माइक जोडायला साधे भोक. अनेक नव्या पाट्यांतून ते गेले. चार्जिंगच्याच भोकात माइक लावायचा, मग दोन तासांच्या मुलाखतीत पाटीला वीज कुठून पाजायची? म्हातारी माणसे रंगात येतात ती दुसऱ्या तासाला.

कॅमेऱ्याबद्दल थोडेच. पाटी मांडीवर ठेवून केलेल्या मुलाखतीत आपल्याला बोलणाऱ्याची हनुवटी आणि छताचा पंखा दिसतो. मागे एक दांडी हवी, पाटी टेबलावर सरळ उभी राहील अशी. मला चारपट स्पष्ट चित्राचा मोह नाही. त्याने जागा भरते आणि मग विद्यार्थी जुन्या फिती पुसतात. त्यापेक्षा ऐकताना एका बोटाने क्षणाला खूण करता यावी, गती निम्मी करता यावी, आणि खुणेपाशी मराठीत टीप लिहिता यावी. आमची मुले आज हे वहीत मिनिटे-सेकंद लिहून करतात.

शेवटची मागणी आयुष्याची. ‘७७०’ची बॅटरी नखाने काढता येत असे. आज ती आत चिकटवलेली असते. ती दमली की पाटी कपाटात, आणि पाटीबरोबर तिच्यातल्या फितीही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून फोन आणि पाट्यांना नियम लागू झाला आहे: मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे प्रणालीची अद्यतने आणि सात वर्षे सुटे भाग. आपल्या महाविद्यालयांनी निविदा काढताना हीच अट घालायला कुणाची परवानगी लागते? मी आमच्या खरेदी समितीत विचारले. उत्तर आले, ‘मॅडम, सर्वांत कमी दर.’

आता थांबते. शेवटच्या बाकावर माझी ती विद्यार्थिनी बसली आहे. तिच्याकडे पाटी आहे, वायरचा माइक आहे, आणि खूप शोधून मिळवलेले ते ‘जसे आहे तसे’ बटण आहे. तुमच्यापैकी जे सत्तरीच्या पुढचे आहेत आणि याच शहरात वाढले आहेत, त्यांनी चहाआधी तिच्याजवळ बसावे. ती तुमच्या लहानपणच्या स्वयंपाकघराबद्दल विचारेल. मी सगळे आधीच सांगून टाकल्यामुळे तुम्ही आता ‘चूल’ जपून म्हणाल, ही चूक माझी. म्हणून तिला सांगितले आहे, पहिली दहा मिनिटे सोडून दे, बोलणे रंगू दे, नंतरचे धर.