नदीची नाडी पाहू या



वैद्य माणसाची नाडी पाहतो. तशी नदीचीही प्रकृती पाहता येते. ती कशी पाहावी, हे आज आम्ही सांगणार आहोत.

कोल्हापूरकडची पंचगंगाच घ्या ना. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचे पाणी मिळून ती होते. नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेला मिळते. वाटेत शहरांचे सांडपाणी तिच्यात येते. तिच्याच काठच्या इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली. माणसे दगावली. पिण्याच्या पाण्यात मैला मिसळला, की अशी साथ पसरते.

नदीत मासे मेले, की लोक म्हणतात, "कुणीतरी विष टाकलं." पण विषच हवे असे नाही. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो. त्यावर मासा जगतो. सांडपाणी किंवा मळी आली, म्हणजे सूक्ष्म जंतू ती घाण खातात नि प्राणवायू संपवतात. मग मासा गुदमरतो. माशांसाठी लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असे सरकारी प्रमाण आहे. पहाटे तो फार कमी होतो. म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर समजा, नदी आजारी आहे.

दुसरी खूण दगडाखाली. उथळ, वाहत्या पाण्यातला दगड उलटून पाहा. खाली सहा पायांचे चपटे किडे चिकटलेले दिसतील. शेपटीला दोन-तीन बारीक केस असतात. यांना चांगले पाणी लागते. हे नाहीसे झाले नि गाळात नुसत्या लाल अळ्या वळवळू लागल्या, तर पाणी बिघडले. त्या अळ्यांना थोडा प्राणवायूही पुरतो. पाहून झाले, की दगड होता तसा ठेवा.

पण एक ध्यानात धरा. किडे दिसले म्हणून पाणी पिण्याजोगे होत नाही. रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी उकळूनच प्या.

आता एक वही करा. दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी जा. तारीख, पाण्याचा रंग, वास, फेस, मासे, किडे, सारे लिहा. पहिल्या पावसानंतर तर जरूर पाहा. काठावर साचलेली घाण तेव्हा एकदम नदीत येते.

कुणी म्हणेल, "आमचं कोण ऐकणार?" अहो, नदी घाण करू नये असा कायदा १९७४ साली झाला आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ पाण्याचे नमुने तपासते. पण त्यांचा माणूस रोज काठावर नसतो. तुम्ही असता. "पाणी खराब आहे" हे तोंडचे बोलणे वाऱ्यावर जाते. तारीखवार लिहिलेले खोडता येत नाही. त्याची नक्कल अर्जाला जोडा, ग्रामसभेत वाचा. खालच्या गावालाही कळवा; आपले पाणी उद्या तेच पितात.

तुम्ही लिहायला शिकलात. आज घरी गेल्यावर वहीचे पहिले पान आखा.