कुलाब्याची नोंदवही

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ हा विषय दिला होता. तो मी बदलून मागितला. त्या विषयावर आपली मुलं मोबाईलवर रोज माझ्यापेक्षा चांगलं ऐकतात. मी भौतिकशास्त्रावर बोलणार आहे. मागच्या रांगेतल्यांनी दचकू नये, मागच्या रांगेत तेव्हाही तेच होते आणि आजही तेच दिसतायत. गणित सोडवायला कुणालाही उठवणार नाही.

चुंबकत्वाचा धडा आठवतोय? कागदाखाली पट्टीचुंबक, वर लोखंडाचा कीस, टिचकी मारली की रेषा उमटायच्या. त्या धड्यात आणि पुढच्या धड्यांत नावं यायची ती ओर्स्टेड, फॅरडे, गॉस, मॅक्सवेल. सगळी साता समुद्रापलीकडची. त्यामुळे माझी पक्की समजूत अशी की हे शास्त्र तिकडे तयार झालं आणि आपल्याकडे फक्त पाठांतराला आलं. इंजिनिअरिंगची चार वर्षंही ही समजूत कुणी हलवली नाही. ती हलली कामाच्या निमित्तानं. उपग्रहांना आणि वीजवाहिन्यांना सूर्याकडून होणाऱ्या त्रासाबद्दल वाचत होते. त्यात जगातल्या सगळ्यात मोठ्या नोंदलेल्या चुंबकीय वादळाचा आकडा होता, आणि आकड्यापुढे ठिकाण लिहिलं होतं: कुलाबा, मुंबई. साल १८५९.

आता थोडं मागे जाऊ. ईस्ट इंडिया कंपनीनं कुलाब्याला १८२६ साली वेधशाळा उभारली ती जहाजांच्या सोयीसाठी, वेळ अचूक कळावी म्हणून. पुढे १८३०च्या दशकात जर्मनीत गटिंगेनला गॉस आणि वेबर यांनी एक नवीच गोष्ट सुरू केली. पृथ्वीचं चुंबकत्व दिवसभरात थोडं थोडं बदलतं, हे माहीत होतं. पण का बदलतं, आणि सगळीकडे एकाच वेळी बदलतं का, हे एका गावात बसून कळणार नव्हतं. म्हणून त्यांनी ठिकठिकाणच्या वेधशाळांना जोडून घेतलं. ठरलेल्या दिवशी, गटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे, सगळ्यांनी दर पाच मिनिटांनी आपापल्या चुंबकाची स्थिती लिहायची. टेलिफोन नाही, तारसुद्धा अजून पसरलेली नाही, आणि हे लोक निरनिराळ्या खंडांतले आकडे एका वेळेवर जुळवायला बसलेत! आज आम्ही वेगवेगळ्या देशांतल्या सर्व्हरची घड्याळं जुळवतो आणि त्यावर पगार घेतो, त्यामुळे मला याचं कौतुक जरा जास्तच आहे.

या साखळीत १८४१ साली कुलाबा आलं. एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक ऑर्लेबार यांच्याकडे काम होतं. आणि त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून जो मुलगा लागला, तो अलिबागजवळच्या नागावचा, जन्म १८२५चा. म्हणजे वय पंधरा-सोळा. आपल्या दहावीच्या वर्गात बसवता आला असता. त्याचं नाव केरो लक्ष्मण छत्रे. पुढे पुण्यात प्राध्यापक झालेले, लोकमान्य टिळकांचे गुरू, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिणारे केरूनाना छत्रे ते हेच. पुस्तकात आपण त्यांचं नाव वाचलं असेल तर ‘गणितज्ञ’ म्हणून. पण त्याआधी सुमारे दहा वर्षं हा माणूस कुलाब्याला वेधांचं काम करत होता. पुढे सूर्यावरचे डाग आणि पृथ्वीवरचं हवामान यांचा काही संबंध आहे का, हा विचार त्यांनी केला. माझ्या मते त्याचं मूळ त्या कुलाब्याच्या दहा वर्षांत असावं.

ते काम काय असायचं ते सांगते. एका बंद खोलीत, वाऱ्याचा झोत लागणार नाही अशा पेटीत, एक चुंबकपट्टी टांगलेली. तिला छोटा आरसा. समोर काही अंतरावर दुर्बीण आणि मोजपट्टी. पट्टीचे आकडे आरशात दिसतात. चुंबक केसभर वळला की आरसा वळतो, आणि दुर्बिणीत दिसणारा आकडा सरकतो. नुसत्या डोळ्यांना चुंबक जागच्या जागीच असतो. अशा खोलीत लोखंड न्यायचं नाही. किल्ल्यांचा जुडगा कमरेला असेल तर तो बाहेर. आत जायचं, आकडा वाचायचा, तापमान लिहायचं, वेळ लिहायची, बाहेर यायचं. तासाभरानं पुन्हा. दिवसा आणि रात्रीही, पाळ्या लावून. पावसाळ्यात कुलाब्याची हवा कशी असते ते मुंबईत राहिलेल्यांना सांगायला नको. असं एक-दोन दिवस नाही, वर्षानुवर्षं. आणि बहुतेक दिवशी काहीच घडत नाही. आकडा काल जिथे होता तिथेच आज.

१ सप्टेंबर १८५९. इंग्लंडमध्ये सकाळी अकराच्या पुढे रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा हौशी खगोलनिरीक्षक सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होता. डागांच्या एका समूहावर त्याला अचानक पांढरा लखलखाट दिसला आणि पाचेक मिनिटांत विझला. तेव्हा मुंबईत दुपारचे चार वाजून गेले होते. साधारण साडेसतरा तासांनी सूर्यातून सुटलेला लोंढा पृथ्वीवर येऊन थडकला. अमेरिकेत आणि युरोपात तारायंत्रं बिघडली. एके ठिकाणी तारमास्तरांनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि आकाशातून आलेल्या विजेवरच संदेश पाठवले. एरवी ध्रुवाकडे दिसणारा प्रकाश खूप दक्षिणेकडे दिसला.

आपल्याकडे २ सप्टेंबरची सकाळ उजाडली होती. केरूनाना तोवर पुण्याला गेले होते. कुलाब्याला त्यांच्यामागून आलेले मदतनीस पाळीवर होते. वेधशाळेचा नियम असा होता की एरवी तासाला एक नोंद, पण आकडा नेहमीच्या मर्यादेबाहेर हलायला लागला तर थांबायचं नाही, पंधरा मिनिटांनी, पाच मिनिटांनी वाचत राहायचं. त्या सकाळी आकडा घसरायला लागला. माणसं तिथेच बसली आणि लिहीत राहिली. दुपार व्हायच्या आत पृथ्वीच्या चुंबकबलाचा आडवा भाग सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेला होता. नॅनोटेस्ला हे एकक बाजूला ठेवा. मुंबईत हा आडवा भाग एकूण साधारण ३८ हजार असतो, म्हणजे चार टक्के घट. ऐकायला किरकोळ वाटेल. पण १९८९ साली कॅनडात क्विबेक प्रांताची वीज नऊ तास गेली, साठ लाख लोक अंधारात बसले, ते वादळ याच मापावर ६०० च्या आतलं होतं.

त्या दिवशी कुलाब्यात कुणाला ठाऊक होतं की हा आकडा कशाचा आहे? कुणालाच नाही. सूर्यातून भारित कण येतात वगैरे समजायला पुढे कितीतरी दशकं जायची होती. नोंद झाली, वर्षाचा खंड छापला गेला, कपाटात गेला. आणि २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या लाखिना आणि अ‍ॅलेक्स या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर तो बाहेर काढला. १४४ वर्षांनी. अनेक वेधशाळांत त्या दिवशी आकडा मोजपट्टीच्या बाहेर गेला होता, नोंद तुटली होती. कुलाब्याची तुटली नव्हती.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, कारण मला ती या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. शास्त्रज्ञांमध्ये या १६०० च्या आकड्यावर अजून वाद आहे. तासाची सरासरी घेतली तर तोच खड्डा ९०० च्या आसपास येतो. कोणता धरायचा, त्यात वातावरणाच्या वरच्या थरातल्या प्रवाहांचा वाटा किती, यावर लेखामागून लेख निघतात. पण वाद घालायला जागा आहे ती कशामुळे? पाच-पाच मिनिटांचे आकडे आहेत म्हणून. मदतनीसांनी ‘तासाची नोंद झाली, चला जेवायला’ म्हटलं असतं, तर तो खड्डा दोन नोंदींच्या मधे पडून गडप झाला असता. आमच्याकडे सर्व्हर बंद पडला की पहिला प्रश्न असतो, नोंदी किती वेळानं घेतल्या होत्या? आणि उत्तर बहुतेक वेळा निराशाजनक असतं.

अजून एका माणसाबद्दल सांगायलाच हवं. नानाभाई मूस, जन्म त्याच १८५९ सालचा. १८९६ साली ते कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या काळात मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामचा प्रवाह जमिनीतून वाहणार आणि चुंबक नाचणार, म्हणजे साठ वर्षांचं काम वाया. शहराची ट्राम कायमची अडवता येत नाही, अडवूही नये. मूस यांनी मग अलिबागला जागा शोधली, लोखंडाचा अंश नसलेला दगड तपासून पोरबंदरहून आणवला आणि १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू केल्या. पण कुलाब्याच्या लगेच थांबवल्या नाहीत. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे आकडे जोडता यावेत. मगच कुलाबा थांबलं, आणि १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. अलिबाग अजून चालू आहे. केरूनानांच्या नागावापासून ते हाकेच्या अंतरावर, हा निव्वळ योगायोग, पण मला आवडतो. आता आपल्या काष्टी स्टेशनावरूनही विजेच्या गाड्या जातात, तेव्हा इथे चुंबकाची वेधशाळा काढायचा प्रस्ताव मी मांडणार नाही.

प्रस्ताव दुसरा आहे. ग्रुपवर गेला महिनाभर जमलेल्या निधीचं काय करायचं यावर चर्चा चाललीय. कमान, की भिंतीवरचा मोठा स्क्रीन. कमानीवर आपली नावं येतील हे खरं. मी म्हणते, स्क्रीन घ्या, पण त्यातून थोडे पैसे काढून शाळेच्या मैदानात एक पर्जन्यमापक, एक कमाल-किमान तापमापी आणि एक जाड नोंदवही ठेवू. खर्च स्क्रीनच्या मानानं काहीच नाही.

कशासाठी, ते आपल्यातल्या शेती करणाऱ्यांना विचारा. आपला तालुका पर्जन्यछायेतला. गावाच्या एका अंगाला पाऊस पडतो, दुसऱ्या अंगाला धूळ उडते. पण विम्याची वेळ आली की आकडा येतो मंडळाच्या केंद्राचा. ‘आमच्याकडे पडलाच नाही’ हे आपण पारावर सांगतो, शनिवारच्या बाजारात सांगतो, आणि ते तिथेच विरतं. शाळेची वही सरकारदरबारी लगेच पुरावा ठरेल असं मी म्हणत नाही, ठरणारही नाही. पण वीस वर्षांनी काष्टीत कोणत्या आठवड्यात किती पाऊस झाला असं कुणी विचारलं, तर आज आपल्याकडे दाखवायला एक पानही नाही.

सकाळी साडेआठला नोंद. आठवी-नववीची दोन-दोन मुलं, आठवड्याची पाळी. पाऊस नसेल त्या दिवशीही शून्य लिहायचं, रकाना कोरा सोडायचा नाही; कोरा रकाना म्हणजे पाऊस नव्हता की वाचणारा आला नव्हता, हे पुढच्याला कळत नाही. खाडाखोड झाली तर रेघ मारून शेजारी लिहायचं, खोडरबर नाही. पुढे सही. संगणकात भरायची सोय मी करून देते, पण वही कागदाचीच राहील.

अडचण एकच उरते. रविवार, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी. वळवाचा पाऊस नेमका शाळा बंद असतानाच येतो. शाळेजवळ राहणारे आपल्यातले तीन-चार जण आहेत. जेवणाच्या आधी त्यांनी मला गाठावं. सर, सुट्टीत फाटकाची किल्ली कुणाकडे असते, तेवढं सांगा.